सतरा नंबरचा बिल्ला

फाटकावरच्या चौकीत खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले टांगलेले असतात. सुट्टीत जंगल हिंडायला आलेल्यानं एक गळ्यात घालायचा, उतरल्यावर परत लावायचा. पाच वाजता एखादा खिळा रिकामा दिसला की भोंगा वाजवून शोधायला निघायचं. हा नियम माझा. माझा नवरा खिंडीत घसरला, तेव्हा तो कुठल्या वाटेनं गेलाय हे दोन दिवस कुणाला कळलं नाही. मग मी वनखात्याच्या साहेबांच्या डोक्यावर बसून हे बिल्ले करून घेतले.

माझा नंबर सतरा. त्या सकाळी सतराचा खिळा रिकामा होता आणि चौकीदार मान खाली घालून बसला होता. चौकीदार म्हणजे माझाच लेक.

"आई, गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही. खिंड विसर आता."

"डॉक्टर चाला म्हणालेत."

"बागेत चाला म्हणालेत."

माझं डोकंच फिरलं. त्या वाटेवरच्या दगडांवर सत्तावीस वर्षं पांढऱ्या खुणा मी रंगवल्या, आणि आता बागेत बाकांभोवती फेऱ्या मारू? बिल्ल्याशिवाय मी फाटक ओलांडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्यापेक्षा चार पावसाळे मी जास्त पाहिलेत. मी एक नंबरचा, त्याचा स्वतःचा बिल्ला काढून गळ्यात घातला आणि काठी टेकत निघाले. चौकी सोडून त्याला मागे येता येईना.

गुडघा खूप दुखला. दोनदा रडले. खिंडीत बसून नवऱ्याला म्हटलं, "आले बघ." उतरायला मात्र उशीर झाला.

चौकीत शिरले तेव्हा साडेपाच वाजले होते. लेक भोंग्यापाशी उभा, चेहरा पांढराफटक.

"भोंगा का नाही वाजवलास?"

"लोक हसले असते गं तुला. म्हातारीला नसती हौस, म्हणाले असते."

"हसू देत! तुझ्या बापासाठी वाजवायला कुणी नव्हतं."

त्याचे डोळे भरून आले. माझेही. पण मी हटले नाही, माझ्या बिल्ल्यासाठी हात पुढे करून उभी राहिले. शेवटी त्यानं खिशातून सतरा नंबर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मी गळ्यातला एक नंबर काढला आणि दोन्ही बिल्ले आपापल्या खिळ्यांना लावले. "रविवारी येते. पाचला खिळा रिकामा दिसला, तर वाजव."