पोपटाकडे पाठ

तिकीट तपासनीस निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत पोपटतज्ज्ञ झाले. हौस म्हणून नव्हे. थोरली बहीण गेली, तिचा करडा पोपट भाचीने पिंजऱ्यासकट यांच्याकडे आणून ठेवला, आणि आठवड्याभरात तो आपल्याच छातीची पिसं उपटू लागला.

तपासनिसांनी वाचनालयातली पक्ष्यांवरची चारही पुस्तकं वाचली. मानेची पिसं कधी फुलतात, किती बियांनी यकृत बिघडतं, सगळं तोंडपाठ. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा चावरा पोपट यांच्या सल्ल्याने सरळ झाला. शिंपी पाया पडायचाच बाकी होता. घरात मात्र तज्ज्ञांचा स्वतःचा पोपट सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होता.

भाचीचा फोन आला. "मामा, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येते. तोवर सुधारला नाही तर पक्षीकेंद्रात देऊन टाकू. हाल बघवत नाहीत."

ताईचं आता एवढंच उरलं होतं. बायको सांगायची, पोपट हुबेहूब ताईंच्या आवाजात म्हणतो, 'चष्मा पूस आधी.' यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

"तुम्ही भाजीला गेलात की बोलतो," बायको म्हणाली. "तुमच्यासमोर कोण बोलणार? मी तरी कुठे बोलते?"

त्यांनी निरीक्षण वाढवलं. पिंजऱ्यासमोर खुर्ची, मांडीवर वही, चष्म्यावरून रोखलेली नजर, दर दहा मिनिटांनी पडलेल्या पिसांची नोंद. ढीग वाढतच गेला. शेवटी वही घेऊन ते पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी पानं उलटली. "दुपारी एक ते दोन ढिगात एकही पीस वाढत नाही. रोजच. तेव्हा काय असतं?"

"जरा डोळा लागतो."

"पोपटाचा?"

"माझा."

बाईंनी वही मिटली. "त्याच्याकडे बघता तसं माझ्याकडे बघा."

तपासनिसांनी बघितलं. बाईंचा हात आपोआप पर्सकडे गेला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळे रोखून बघतं ते त्याच्या लेखी शिकारी जनावर. तुम्ही त्याला दिवसभर खायला टपलेले असता."

हे दुसऱ्या पुस्तकात होतं. त्यांनी अधोरेखितही केलं होतं, शिंप्याला सांगायला. तीस वर्षं त्यांची नजर पडली की बिनतिकिटवाले असेच छातीवरचा खिसा चाचपायचे.

त्या दिवसापासून खुर्ची भिंतीकडे वळली. तीन आठवडे तपासनीस पोपटाकडे पाठ करून बसले. मागे खुट्ट झालं की खुर्चीचे हात घट्ट धरायचे. भिंतीवरच्या ओलीच्या डागांची नोंद करावी असं दोनदा मनात आलं.

रविवारी भाची आली. पिंजऱ्यापाशी वाकली. तपासनीस खुर्चीत पाठमोरेच बसून होते.

"मामा, तुम्ही बघितलंत का?"

"मला बघायची परवानगी नाही."

"पिसांचे कोंब फुटलेत छातीवर. खूप."

त्यांची मान वळू लागली. "मान जागेवर," बायको म्हणाली.

"मग... केंद्रात?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"राहू दे इथेच," भाची म्हणाली. "पण तुम्ही असेच बसणार असलात तर."

तेवढ्यात पाठीमागून ताई म्हणाली, "चष्मा पूस आधी."

तपासनिसांनी मुकाट्याने चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून पुसत बसले. बराच वेळ पुसावा लागला.