शालनचा स्कर्ट

कोंडीबानं बायकोला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, आणि मनुबाईनं नेमकी तीच मोडली.

"अंजनाला नवं कापड घ्यायचं. दुकानातलं. पोरीला संगं न्यायची, शिंप्याम्होरं उभी करायची, मापं द्यायची. कुणाच्या अंगावरचं उतारलेलं माज्या दारात येता कामा न्हाई. कळलं का?"

"कळलं की. मी काय भैरी हाय?" असं म्हणून मनुबाईनं त्यानं दिलेले पगारातले पैसे पदराच्या गाठीला बांधले.

चौऱ्याहत्तर सालचा जून होता. कोंडीबा पलूसकडं एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. तिथंच चार जणांत खोली करून राहायचा आणि रविवारी सायकल हाणत गावी यायचा. थोरली अंजना सातवी पास होऊन गावच्या हायस्कुलात आठवीला चालली होती. बुद्धवाड्यातून हायस्कूलची पायरी चढणारी पहिली मुलगी! बापाची छाती फुगली होती. कारखान्यात दिसेल त्याला सांगत सुटला होता. आणि कापडाचं म्हणाल, तर त्यात त्याचा जीवच अडकलेला होता. त्याची आई सारा जन्म पाटलांच्या बायकांनी टाकलेल्या लुगड्यांवर जगली. मयताच्या अंगावरचं कापडसुद्धा यांच्याच वाट्याला यायचं, आणि ते मुकाट्यानं घ्यायचं. छप्पन सालानंतर वाड्यानं धर्म घेतला आणि मागून आणलेली भाकरी बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद, उतरलेलं कापड बंद. कोंडीबा तेव्हा विशीतला गडी. म्हातारीचं शेवटचं जुनेर त्यानं ओढ्याला सोडून दिलं. नवं लुगडं येईपर्यंत म्हातारी घोंगडं गुंडाळून घरात बसून राहिली, पण बाहेर आली नाही. हे सगळं मनुबाईला पाठ होतं. लग्न होऊन आल्यापासून शंभरदा ऐकलं होतं.

मनुबाई वाईट बाई होती असं कुणी म्हणू नये. काटकसरीची होती, एवढाच तिचा गुन्हा. दुष्काळात खडी फोडून तिनं तीन पोरं जगवली. काडी काडी जपायची तिला सवयच लागली होती. आणि घर गळत होतं. पोरं जिथं निजायची त्याच कोपऱ्यात वरनं पाण्याची धार लागायची. मागल्या पावसाळ्यात धाकटा खोकून खोकून निळा पडला होता. दोन पत्रे टाकले की भागणार होतं. पण कोंडीबाला पत्र्याचं सुचलं नाही, त्याला स्कर्टाचं सुचलं. बाप्यांना घर वरनं गळतंय हे आठवड्यातनं एकदा येऊन कसं कळावं?

हिंदुराव सुभेदारांच्या उसात ती तण भांगलायला जायची. हिंदुराव पलटणीतनं पेन्शनवर आलेले, चांगला बागायतदार माणूस, बोलायला गोड. कोंडीबाचं म्हणणं सरळ होतं. कष्ट करायचे, मजुरी मोजून घ्यायची, दुसरं काही घ्यायचं नाही. मनुबाई भाकरी-पाणी घरचं घेऊन जायची. तिथला चहा तिनं कधी तोंडाला लावला नव्हता.

एके दिवशी हिंदुरावांच्या बायकोनं, आक्काताईंनी, तिला बांधावर गाठलं.

"मने, तुजी पोरगी हायस्कुलात चाललीया म्हनं?"

"व्हय जी."

"मग आमच्या शालनचा गनवेस पडलाय की पेटीत. औंदा लगीन करून दिली, आता काय सासरी स्कर्ट घालून भाकरी थापनार हाय? ने जा. टेरिकॉट हाय, साऱ्या शाळंत दुसऱ्या कुणाकडं न्हवता तसला."

"नगं आवं आक्काताई. आमच्यात न्हाई चालत."

"आगं, काय न्हाई चालत? कसर लागून जाईल तितं. पोरीच्या अंगाला तरी लागू दे."

मनुबाई नको नको म्हणत होती, आणि आक्काताईंनी गाठोडं पुढं केलं. पूर्वी असं काही द्यायचं झालं की आक्काताई वरून टाकायच्या. पदर पसरायचा आणि झेलायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी गाठोडं सरळ मनुबाईच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं तरी हात मागं घेतला नाही. बाई इथंच फसली. तिला वाटलं, दिवस बदलले. आता ह्या शहाणीला कोण सांगणार, की दिवस एवढ्यावर बदलत नसतात!

वाटेनं येताना तिनं गाठोडं उघडून पाहिलं. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, कुठं ठिगळ नाही, कुठं विरलं नाही. कापडाला काय जात असती व्हय, असं ती स्वतःशीच म्हणाली. सोडा घालून उकळला की झालं. पुढच्या बाजाराला ती पलूसला गेली, शिंप्याच्या दुकानावरून मान खाली घालून पुढं सरकली आणि गाठीच्या पैशांत दोन पत्रे सांगून आली. शालन अंगानं भरलेली होती, अंजना काटकुळी. मनुबाईनं घरीच सुई-दोरा घेऊन स्कर्टाची कंबर आत घेतली.

"आबानं इचारलं तर पलूसला शिवला म्हनायचं," तिनं लेकीला दम दिला.

"आये, पन ह्यो शालनताईचा..."

"पन न्हाई न् बिन न्हाई. पावसात धाकटा खोकाय लागला की तू बसनार हायस का त्याला छातीशी घिऊन?"

अंजना गप्प बसली. गप्प बसायची तिला पहिल्यापासून सवय होती, आणि आईला ती सवय फार सोयीची होती.

रविवारी कोंडीबा आला. स्कर्ट हातात घेऊन त्यानं कापड बोटांत चोळून पाहिलं.

"आयला, टेरिकॉट? तेवढ्या पैशात कसं बसवलंस गं?"

"ताग्याच्या शेवटाचा तुकडा हुता. घासाघीस केली."

"आन् पत्रं?"

"भांगलनीचं पैसं साठवलं हुतं."

कोंडीबाचा आनंद गगनात मावेना. त्यानं लेकीला दारात उभी केली, गोल फिरवली, शेजारच्या धोंडुबाईला हाक मारून दाखवली. "बगा काकू! नवं करकरीत! आमच्या घरात पैल्यांदा आठवीचा गनवेस आलाय." अंजनाची मान वर होईना. पोर लाजतीय असं त्याला वाटलं. मनुबाई चुलीशी बसून जाळ सारत होती. धुरानं डोळ्यांना पाणी आलं म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि धूर होता म्हणून बरं झालं.

शाळा सुरू झाली. अंजना घरी उशिरा यायला लागली. का विचारलं तर मास्तर जादा तास घेतात म्हणायची. एकदा हाताला शेणाचा वास आला, तर म्हणाली वाटेत म्हस आडवी आली. मनुबाईला शंका यायला हवी होती. आलीही असेल, कुणी सांगावं? पण पत्रे पडले होते, पोरं कोरड्यात निजत होती, आणि ज्या गोष्टीनं घर कोरडं राहतंय ती उकरून काढायला कुणाला आवडतं?

मग एके संध्याकाळी ती मजुरी आणायला सुभेदारांच्या घरी गेली. पुढं कुणी दिसेना म्हणून वळसा घालून गोठ्याकडं आली, आणि जागच्या जागी थिजली.

अंजना गोठा लोटत होती. शाळेचं दप्तर दावणीच्या खुंटीला अडकवलेलं. निळा स्कर्ट शेणात भरू नये म्हणून दोन्ही पायांत खोचून घेतलेला. आक्काताई पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या आणि मधूनच सांगत होत्या, "त्या कोपऱ्यातलं ऱ्हायलं बग पोरी. शालन आमची असाच आळस करायची." पोरगी वाकून कोपरा लोटत होती.

काम झालं तसा आक्काताईंनी चहा आणला. दांडी तुटलेल्या कपात वरून ओतला. अंजना लांब उकिडवी बसून प्याली. प्याल्यावर ती उठली, रांजणाशी गेली, ओंजळीनं पाणी घेऊन कप विसळला आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घालून ठेवला. कुणी सांगितलं नाही, कुणी खुणावलं नाही. आपल्या मनानं ठेवला.

हा कोनाडा, हा पालथा कप मनुबाईला तिच्या आईनं शिकवला होता. तिनं लेकीला शिकवला नव्हता. लेकीनं तो कधी बघूसुद्धा नये म्हणून कोंडीबा कारखान्यात भट्टीशी अंग भाजून घेत होता. आणि तिनं दोन पत्र्यांपायी पोरीला हाताला धरून त्या कोनाड्यापाशी आणून सोडलं होतं.

"अंजे!" ती ओरडली. "दप्तर उचल!"

आक्काताईंनी वर पाहिलं. त्यांना राग आला नाही. त्यांना आश्चर्य वाटलं.

"का गं मने? पोरीला जरा हाताखाली घेतली तर काय झालं? आमची शालन गेल्यापासनं माजी कंबर धरलीया. कापडं फुकट दिली न्हवं का मी? पैसं मागितलं का?"

"पैसं मागितलं असतं तर बरं झालं असतं. उद्या धुऊन आनून देते तुमची कापडं."

"आन् त्याचं मी काय करू?" आक्काताई अगदी साध्या, समजुतीच्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या अंगावरनं उतारलेलं आमच्यात कोन घालंल?"

मनुबाईच्या शिव्या ओठापर्यंत आल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. ज्या शब्दाला कोंडीबा सारा जन्म भीत होता तो शब्द आज उलटा होऊन तिच्या तोंडावर बसला होता. मजुरी मागायचीही तिला शुद्ध राहिली नाही. लेकीचं मनगट धरून ती बाहेर पडली.

वाटेत अंजनानं सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी आक्काताईंनी तिला दारातनं हाक मारली होती. "शालनचा घातलायस न्हवं? ये, जरा लोटून जा. तुज्या बाला ठावं हाय का गं, कुनाचा स्कर्ट हाय त्यो? न्हाई म्हंजी, लय तोऱ्यात असतो म्हनून इचारलं." एवढंच. पोरगी आईचा खोटेपणा झाकायला रोज गोठा लोटत राहिली.

"आन् शाळंत?" मनुबाईनं विचारलं.

"शाळंत पैल्याच दिवशी कळलं सगळ्यास्नी. तसलं कापड शालनताईचंच हुतं. पोरी मला शालनचा स्कर्टच म्हनत्यात. नाव घिऊन हाक न्हाई मारत कुनी."

रविवारी कोंडीबा सायकल टेकवतोय तोवर मनुबाईनं त्याला सगळं सांगून टाकलं. एक अक्षर ठेवलं नाही. त्याचा हात वर गेला. ती हलली नाही. तिला वाटत होतं त्यानं मारावं, चांगलं ढोरासारखं मारावं, म्हणजे निदान कुठंतरी दुखेल. पण तो हात हवेतच राहिला, आणि मग खाली येऊन सायकलच्या सीटवर पडला.

"मी धोंडुबाई काकूला हाक मारून दावला गं," तो म्हणाला. "साऱ्या आळीला दावला. समद्यास्नी ठावं असंल, न्हाई? मला सोडून समद्यास्नी." आणि भर दारात, पोरांदेखत तो माणूस ढसाढसा रडला. मनुबाईनं पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकून टाकला.

मग डोळे पुसून तो घरावर चढला. दोन्ही पत्रे त्यानं स्वतःच्या हातानं उचकटले. "आवं, पावसाचं दिस हायत, पोरं..." मनुबाई खालून म्हणाली, आणि त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं. पत्रे सायकलला आडवे बांधून, अंजनाला पुढच्या नळीवर बसवून तो पलूसला गेला. पत्रे निम्म्या भावात गेले. सुती कापड घेतलं, जाडंभरडं, पण ताग्यातनं फाडलेलं. शिंप्यानं अंजनाचं माप घेतलं तेव्हा तो शेजारी उभा राहिला आणि शिंपी एकेक आकडा सांगायचा तो ऐकत राहिला. त्या आठवड्यात पाऊस थांबला नाही. मनुबाई घरात जिथं जिथं गळत होतं तिथं भांडी मांडत होती, भरली की ओतत होती आणि पुन्हा मांडत होती. धाकटा खोकायला लागला होता. ती कुणाला काही बोलली नाही. बोलायचा तिचा हक्क तिनं स्वतःच्या हातानं घालवला होता.

नवा गणवेश शिवून आला त्या सोमवारी कोंडीबानं खाडा केला. नवा स्कर्ट घातलेल्या लेकीला त्यानं डोळे भरून पाहिलं. ती निघाली तेव्हा पार वळणापर्यंत बघत राहिला. दिवसभर त्याचं कशात लक्ष लागेना. मनुबाईशी तो आठ दिवसांत पहिल्यांदा नीट बोलला, म्हणाला, "भाकरी लौकर टाक. पोरगी भुकेजून यील."

शाळा सुटली तशी अंजना सरळ घरी आली. कुठं थांबली नाही. हात स्वच्छ, कपडे स्वच्छ. कोंडीबा उठून उभाच राहिला.

"काय म्हनल्या पोरी?"

अंजनानं दप्तर खाली ठेवलं.

"इचारलं, ह्यो कुनाचा म्हनून."

"मग? काय सांगितलंस?"

"माजाच हाय म्हनलं."

"मग?"

"हसल्या," अंजना म्हणाली. "कुनी खरं धरंना."