शेवटच्या पानावरचं भांडण

नव्या मालकाने बसण्याआधी खिशातला रुमाल काढला आणि खुर्ची पुसली. आधी हात, मग पाठ, मग बैठक.

"धूळ नाहीये तिच्यावर," ती म्हणाली. "बाबांची खुर्ची रोज मी पुसते."

"म्हणूनच पुसतोय," तो म्हणाला आणि बसला.

धाकटा भाऊ दाराशी उभा राहून उगाच हसला. मासिक त्यानेच विकलं होतं. बाबा गेल्यावर मालकी मुलाकडे आली होती आणि काम मुलीकडे. मध्ये त्याने एका तेलगिरणीवाल्याला भागीदार करून घेतलं, तर त्या गृहस्थाला मुखपृष्ठावर स्वतःचा चेहरा हवा होता. त्याला तिने पिटाळून लावलं. या वेळी मात्र सह्या झाल्यावर तिला कळलं, आणि घेणारा होता टाचणी.

टाचणी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबांचा तो पहिला सहायक. लहानपणी तो तिला खांद्यावर बसवून छापखाना दाखवायचा आणि ती त्याला काका म्हणायची. मग बाबांशी त्याचं बिनसलं. त्याने समोरच्याच इमारतीत स्वतःचं मासिक काढलं. तेव्हापासून दोन्ही मासिकांचं शेवटचं पान एकमेकांचे वाभाडे काढायला राखीव होतं. बाबांच्या पश्चात इकडचं पान ती लिहू लागली आणि बाबांपेक्षा तिखट लिहू लागली. वाचक दोन्ही अंक घेत आणि मागून वाचायला सुरुवात करत.

"दोन्ही मासिकं आता एकच," टाचणी म्हणाला. "तुझी संपादकाची जागा कायम. फक्त शेवटचं पान पूर्वीसारखं पाहिजे. दर महिन्याला माझी सालटी काढायची."

"तुमच्याच मासिकात?"

"मग कुठे? तुमचं मासिक घेतलं आणि लक्षात आलं, भांडायला कोणी उरलंच नाही." त्याने रुमालाची घडी घातली. "माझी माणसं काही दाखवलं की 'छान झालंय, छापा' म्हणतात. वाचत कोणी नाही. तू माझी ओळन् ओळ वाचायचीस. त्याशिवाय इतकं झोंबणारं लिहिता येत नाही."

"पगार घेऊन शिव्या देत नाही मी, मालक."

"काका म्हणायचीस."

"तेव्हा अक्कल नव्हती."

तिने चष्म्याचं घर आणि लाल पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि ती निघाली. इतकी वर्षं या माणसाला टोचायला तिच्याकडे एक पान होतं, आणि तेच त्याने विकत घेतलं होतं. आता त्याला दुखवायचं म्हटलं तरी त्याचीच परवानगी लागणार होती.

महिना संपत आला तेव्हा भाऊ घरी आला. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"शेवटचं पान. त्यांनी स्वतःच लिहिलंय, स्वतःवर. तू एकदा बघ म्हणाले. ऑफिसातल्या पोरांना कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही, पण ताईला विचार म्हणाले."

तिने वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात तिचं तोंड वाकडं झालं. स्वतःला शिव्या घालायलाही याला धड येत नव्हतं. जिथे कातडी सोलायची तिथे हा पावडर लावत होता. तिची पेन्सिल कधी हातात आली तिलाच कळलं नाही. तिसऱ्या ओळीतला एक शब्द बदलला असता तर माणूस आठवडाभर झोपला नसता.

पेन्सिल कागदाला टेकणार तोच तिचा हात थांबला. तिने पेन्सिल खाली ठेवली. उरलेलं पान न वाचता कागदाची घडी केली आणि भावापुढे सरकवली.

"फोन लाव काकांना," ती म्हणाली. "सांग, छान झालंय. छापा."

भावाचा चेहरा उजळला. बहिणीने अखेर जमवून घेतलं म्हणून त्याने तिथेच फोन लावला आणि तिचे शब्द जसेच्या तसे पोचवले. मग तो ऐकत राहिला. ऐकायला काहीच येत नसावं, कारण त्याने फोन दोनदा कानापासून दूर धरून पाहिला.

"ताई, ते विचारतायत, तू पूर्ण वाचलंस का?"

ती चष्मा पुसत होती.

"छान झालंय म्हण," ती म्हणाली.