वरच्या फळीवरचा डबा

“आजी, हट्ट करू नका. लाल पाटी म्हणजे एकच डाव,” असं म्हणत मावशींनी डावातला भात चमच्याच्या पाठीने सपाट केला आणि चौदा नंबरच्या ताटात पालथा घातला.

“अगं, पण ती नवी मुलगी सकाळीच सांगून गेलीय, आजपासून तुम्हाला दोन म्हणून,” खाटेवरच्या म्हातारीने दोन बोटं नाचवली. “कान अजून शाबूत आहेत माझे.”

“मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

मावशी या इस्पितळात बावीस वर्षं जेवण वाढत होत्या. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ढकलगाडी वर आणायची, खाटेच्या पायथ्याची पाटी बघायची, वाढायचं आणि पुढे सरकायचं. लाल पाटी मधुमेहाची. तिला भात एक डाव, तोही सपाट, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यानंतर एका शिताचाही फरक त्यांनी केला नव्हता. पेशंट त्यांना ‘काटामावशी’ म्हणत. “मावशी, भात काय तुमच्या घरून आणलाय?” असं कुणी डिवचलं, की त्या म्हणत, “घरी तर याहून कडक आहे मी!” त्यात खोटं काहीच नव्हतं.

म्हातारीने चमचा उचलला खरा, पण तो तोंडापर्यंत पोचेना. हाताला कंप सुटला होता. कपाळावर घाम आला होता आणि ती एकदम चिडून म्हणाली, “घेऊन जा ते ताट! नको मला तुझी भीक!”

मावशींनी हे रूप ओळखलं. फार जवळून पाहिलेलं होतं ते. “बघा, चढली ना साखर? आणि वर दोन डाव मागताय!” असं म्हणून त्यांनी ताट पटकन मागे ओढलं.

“मावशी, ताट नका काढू!” दारातून नवी आहारतज्ज्ञ धावत आली. महिनाभरापूर्वीच लागलेली, मावशींच्या मुलीच्या वयाची पोर. तिने पेल्यातल्या पाण्यात साखर ढवळली आणि म्हातारीच्या ओठांना लावली. नर्सने बोटाला सुई टोचून यंत्र बघितलं आणि मान हलवली. “उतरलीय. बरीच उतरलीय.”

“उतरलीय?” मावशी म्हणाल्या.

“हो. घाम, थरथर, चिडचिड, ही साखर खाली गेल्याची लक्षणं. इंजेक्शन दिलेलं असतं, पोटात मात्र पुरेसं काही नसतं. अशा वेळी चमचाभर साखर म्हणजे औषधच.”

पंधराएक मिनिटांनी म्हातारी शांत झाली आणि आपण काय बोललो ते न आठवून ओशाळं हसली. मावशी मात्र ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या. बावीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? वाढून पुढे जाणाऱ्या बाईला कोण काय सांगतं?

“तुम्हाला मापं बदलल्याचं कळवायला हवं होतं, माझंच चुकलं,” मुलगी म्हणाली. “आता प्रत्येक खाटेचं माप वेगळं. अकरा नंबरचे ड्रायव्हर अंगाने भरलेले आहेत, त्यांना एकच डाव. या आजी ब्याऐंशीच्या, वजन सारखं उतरतंय, त्यांना दोन. सगळ्यांना एकच माप कसं चालेल, मावशी? एका मापाच्या चपला सगळ्यांच्या पायात घालू का आपण?”

मावशी हसल्या नाहीत. ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत त्यांनी हळूच विचारलं, “बाई, एक विचारू? घरी अशीच एखादी म्हातारी असली... ऐंशीची. साखरेच्या गोळ्या चालू. अंगावर मांस उरलेलं नाही. दुपारी अशीच थरथरते. तर तिला किती घालायचा भात?”

“न बघता कसं सांगू? गोळ्या बघाव्या लागतील, रक्त तपासावं लागेल. पण थरथरत असेल तर गोळीचा डोस कमी करायला हवा आणि तिला जेवण कमी पडतंय का तेही बघायला हवं. उपाशी नाही ठेवायचं हो. कोण आहे? उद्या घेऊन या ना, मी स्वतः बघते.”

“उद्या नाही जमायचं,” मावशी म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

त्यांच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटची सहा वर्षं ती लेकीकडेच होती. मावशींनी इस्पितळातल्यासारखाच एक डाव बाजारातून मुद्दाम शोधून आणला आणि आईला त्याच मापाने वाढलं. “अगं, अजून अर्धा तरी घाल,” आई म्हणायची. मावशी भांड्यावर झाकण ठेवायच्या. मग आई म्हणायची, “आई मी आहे की तू, तेच कळेनासं झालंय,” आणि ताटातली शितं वेचून खायची. औषध लिहून देणारे डॉक्टर विचारायचे, “खाण्यावर लक्ष आहे ना?” मावशी अभिमानाने सांगायच्या, “एक डाव, साहेब. सपाट.” “शाब्बास,” डॉक्टर म्हणायचे.

दुपारी आईला घाम फुटायचा, हात कापायचे. एकदा मावशी कामावरून लवकर आल्या, तर आई चुलीशेजारी जमिनीवर बसून साखरेच्या डब्यात बोट बुडवून चाटत होती. मावशींनी डबा हिसकावला. “चोरून खातेस? तुझ्यासाठी मी जिवाचं रान करतेय आणि तू चोरून खातेस?” साखरेचं बोट आईने पदराला पुसलं. त्याच संध्याकाळी मावशींनी डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि रात्रीचा डाव अर्ध्यावर आणला.

पुढच्या थंडीत आई तापाने गेली. शेवटच्या दिवशी तिला अर्धा डावही गेला नाही. “उरलेला तू खा,” ती म्हणाली होती. “मोजून खा हं.” मावशी तेव्हा हसल्या होत्या. मारलं नव्हतं त्यांनी आईला, पण उपाशी ठेवलं होतं, आणि तेही मायेने, एवढं त्यांना आज लख्ख कळलं.

चौदा नंबरच्या ताटात त्यांनी दुसरा डाव घातला. चमच्याने तो सपाट केला नाही. म्हातारीने बघितलं आणि म्हणाली, “एवढा कसा गं जाईल? सवय गेली.”

“जाईल तेवढा खा. मी आहे.”

खाटेवर बसायची परवानगी नव्हती, तरी मावशी कडेला टेकल्या. पलीकडून कुणीतरी ओरडलं, “काटामावशी, आम्ही काय उपास धरायचा?” बाकीच्या दहा खाटांचा भात निवत होता. म्हातारीचा शेवटचा घास होईपर्यंत मावशी उठल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला, पाय धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. मग रोजच्यासारखं स्टूल ओढून त्या वर चढल्या. साखरेचा डबा अजून तिथेच, सगळ्यात वरच्या फळीवर होता. तीन वर्षं रोज त्या चहासाठी स्टुलावर चढत होत्या आणि तो खाली आणावा असं कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी डबा खाली आणला. ओल्या फडक्याने पुसला. साखर त्यांनी चहात घातली, पण डबा परत वर ठेवला नाही. चुलीशेजारी, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी त्यांनी तो ठेवला, आणि झाकण जरा सैलच लावलं.