तळ्याकडची खिडकी

डबीच्या चाकाशी उताणं झोपून लिफ्टकाकांनी टॉर्च मारला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. खडूची रेघ एकीकडे, चाक दुसरीकडे. मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर.

"पुन्हा सरकली?" पायरीवर चहाचे दोन कप घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं.

"सरकली! नवी केबल टाकली, ब्रेकचे पट्टे बदलले, तरी हिचे नखरे चालूच. आठवडाभर शहाण्यासारखी उभी असते आणि रविवारी सकाळी बघावं तर जागा सोडलेली."

"मग तळ्याचं काय?"

"अगं, उभ्या जागी जिचा ब्रेक धरत नाही तिला घेऊन पाण्याच्या काठावर जायचं? पोहता येतं का तुला?"

 काकूंनी एक कप पायरीवर ठेवला आणि दुसरा घेऊन आत गेल्या. चपलांचा आवाज जरा जास्तच झाला, एवढं काकांना चाकाखालूनही कळलं.

डबी म्हणजे त्यांचा ट्रेलर. दोन चाकांवरची, गाडीमागे जोडून न्यायची, एवढीशी खोली. आत मागच्या बाजूला पलंग, त्याच्यावर रुंद खिडकी, दाराशी शेगडी, हात धुवायला वाडग्याएवढं बेसिन आणि भिंतीला दुमडून लावायचं टेबल. दोघांपैकी एकानं शर्ट घालायचा तर दुसऱ्यानं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं, असा तिथला कायदा. नातीनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा "आजोबा, ही तर डबी!" म्हणाली आणि तेच नाव पडलं.

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना, तेव्हा डबी आली आणि हात पुन्हा माणसात आले. पावसाळ्याआधी छताच्या सांध्यांना लुकण भरायचं, बेअरिंगला ग्रीस भरायचं, बिजागऱ्यांना तेल द्यायचं, यात त्यांचे दिवस मजेत जात. बाहेर जायचं म्हटलं की त्यांना लहान मुलासारखी आदल्या दिवशी झोप लागत नसे. कुठल्याशा माळावर डबी लावायची, दारात दोन खुर्च्या टाकायच्या, काकूंनी त्यांचे केस कापायचे आणि कापलेले केस वाऱ्यावर सोडून द्यायचे. "एवढ्या मोठ्या पार्लरची मालकीण झाले बघा," काकू माळाकडे हात करून म्हणत. गल्लीत त्यांचं छोटंसं पार्लर होतं आणि ते त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं.

पण तळं राहूनच गेलं होतं. पार्लरमध्ये येणाऱ्या एका बाईनं त्या तळ्याचं असं काही वर्णन केलं होतं की काकूंनी ते डोक्यातच घेतलं. डबी काठावर लावायची, मागची खिडकी पाण्याकडे. सकाळी डोळे उघडले की उशीवरूनच पाणी दिसतं म्हणे.

"आख्खा जन्म आरशासमोर गेला माझा," काकू म्हणाल्या होत्या. "काचेत बघावं तर आपणच. एकदा तरी काचेतून दुसरं काहीतरी बघू दे की."

एवढं साधं मागणं. पण मागची खिडकी पाण्याकडे हवी, म्हणजे डबी उलटी नेत काठाला लावायला हवी. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

लिफ्टकाकांना डबी मागे घेता येत नव्हती.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. अगदी पहिल्या सहलीत एकदा प्रयत्न केला होता. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं तर डबी उजवीकडे गेली, उजवीकडे फिरवलं तर डावीकडे, आणि शेवटी तिनं वळून काकांच्याच गाडीला ढुशी दिली. चार लोक खुर्च्यांवर बसून "इकडे! तिकडे!" ओरडत होते. त्या दिवसापासून काका चौकशी करूनच जागा ठरवत, एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल अशी. घरी आलं की डबी गाडीपासून सोडवायची आणि शेजारच्या ट्रकवाल्या अण्णांना हाक मारून दोघांनी हातानं ढकलत अंगणात आणायची. कुणी विचारलंच तर काका गंभीर चेहऱ्यानं सांगत, "मागे घेतलं की हुकावर ताण येतो." अण्णांनी सगळी हयात ट्रकवर काढली होती. ते हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसत आणि गुमान ढकलत.

"लिफ्ट बरी," काका मनाशी म्हणत. "वर नाहीतर खाली. मागे नाही, पुढे नाही, भानगड नाही."

तेव्हा ब्रेक सरकतोय हे कळल्यावर काकांना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तळं लांबणीवर टाकायला घरबसल्या कारण मिळालं होतं, आणि तेही खोटं नाही. रेघ होती, चाक होतं, कुणीही येऊन बघावं. तरी प्रामाणिक माणूस तो. ब्रेक दुरुस्त झाला की जायचं, असा शब्द त्यांनी काकूंना दिला आणि खरोखरच झटून कामाला लागले.

दर शनिवारी ते बसनं मुलीकडे जात, नातीला सांभाळायला. तिच्या गल्लीत गाडी लावायला जागा नसे. जाण्याआधी चाकाशी खडूची रेघ मारत, पाचर लावत आणि रविवारी सकाळी तपासत. ब्रेकचं वागणं मोठं विचित्र होतं. एकदा तर डबी चढाच्या बाजूला सरकलेली सापडली. त्यावर काकांनी अख्ख्या अंगणाला पाणसळ लावली आणि जमिनीचा उतार बदलला असावा, असं अण्णांना सांगितलं. अण्णांना तेव्हा एवढा खोकला आला की ते घरातच निघून गेले. गुलाबाच्या कुंडीची कड फुटलेली दिसली ती मांजरानं पाडल्याचं काकू म्हणाल्या. एक गोष्ट मात्र काकांनी कुणालाच सांगितली नाही. पाचरीची पातळ बाजू चाकाखाली सारायची, हे त्यांना झोपेतही चुकलं नसतं. पण रविवारी बघावं तर जाड बाजू चाकाकडे. एकदा नाही, दर वेळी. वय झालं की माणूस असंच विसरायला लागतं का, असं मनात येऊन काका आंघोळ करता करता मधेच थांबत.

पण कष्टाला फळ आलं. काकांनी स्प्रिंग बदलली, अंतर चारवरून दोन बोटांवर आलं. नट आवळले, ते एका बोटावर आलं. आणि मग एका रविवारी टॉर्च मारला तर चाक रेघेवर! असं चपखल की रेघ दिसेचना.

"धरला!" काका अंगणातून ओरडले. "अगं ए, ब्रेक धरला!"

काकू धावत बाहेर आल्या. एवढ्याशा ब्रेकचा त्यांना इतका आनंद होईल असं काकांना वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतः खाली वाकून चाक बघितलं आणि टाळीच वाजवली.

"म्हणजे आता तळं!"

"आता तळं," काका म्हणाले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

रस्ताभर काकू बोलत होत्या आणि काका हं-हं करत होते. तळ्याकाठी कुठंतरी गोल फिरायला जागा असेल, या एका आशेवर ते गाडी हाकत होते. ती आशा तिथल्या राखणदारानं फाटकातच मोडीत काढली.

"ती दोन झाडं दिसतात ना साहेब, त्यांच्या मधली तुमची. पुढे रस्ता नाही. उलटी घालायची."

तळं होतं मात्र तसंच. दुपारच्या उन्हात चकाकणारं, काठाशी बदकं, पलीकडे टेकडी. आणि अलीकडे, हाय रे दैवा, आपापल्या ट्रेलरसमोर खुर्च्या टाकून बसलेली माणसं. नवी गाडी लागताना बघणं हीच तिथली करमणूक असावी. कारण सगळ्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली.

काकांनी गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली. डबी डावीकडे गेली. त्यांनी घाईनं स्टीअरिंग फिरवलं, ती आणखी डावीकडे गेली. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. आता ती उजवीकडच्या झाडाला भेटायला निघाली. "थांबा, थांबा!" कुणीतरी ओरडलं. काकांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"डबी मागे घ्यायला. येत नाही मला. हुकाबिकावर काही ताण येत नाही. मी थापा मारत होतो. तुझी खिडकी माझ्यामुळे राहिली बघ. चल, फाटकाबाहेर कुठंतरी लावू."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"अगं, म्हणजे?"

"उतरा हो. मी बघते."

"तू? वेड लागलंय का? बाजारापर्यंत गाडी नेणं वेगळं, हे उलटं असतं सगळं! डावीकडे फिरवलं की उजवीकडे जातं!"

"आरशात सगळं उलटंच असतं," काकूंनी पदर खोचत सांगितलं. "मी दुसरं केलंय काय आजवर? उजवा कान धरायचा तर आरशात तो डावा दिसतो. तिथं कात्री चालवते, कुणाचा कान कापला नाही अजून."

काका उतरले. निदान खाणाखुणा तरी कराव्यात म्हणून पळत मागे गेले आणि झाडांच्या मध्ये उभं राहून दोन्ही हात हलवू लागले. इकडे, तिकडे, थोडं, बास. घाबरून त्यांनी डावा-उजवाच नव्हे तर पुढचा-मागचाही घोळ घातला. पण काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांचा एक हात स्टीअरिंगच्या तळाशी होता, नजर आरशात, मान जराशी कलती. एखाद्या गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस सारखे करताना असायची, अगदी तशी. डबी हळूहळू वळली, सरळ झाली आणि दोन झाडांच्या मधून, काही विशेष नाही अशा थाटात, पाण्यापर्यंत येऊन थांबली. मागची खिडकी बरोब्बर तळ्याकडे.

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. एकानं तर शिट्टीच मारली. काकू गाडीतून उतरल्या, पायातली चप्पल सावरली, पाचर उचलून चाकाशी टाकली आणि पायानं आत ढकलली.

जाड बाजू चाकाकडे.

काका त्या पाचरीकडे बघत राहिले. मग त्यांना स्टीअरिंगच्या तळाशी धरलेला तो हात आठवला. तसं स्टीअरिंग धरणारा त्यांनी आयुष्यात एकच माणूस पाहिला होता आणि तो शेजारी राहत होता. मग आठवले शनिवार. अंगणात राहिलेली गाडी. अण्णांचा खोकला, कुंडीची कड, चढाकडे सरकणारा ब्रेक. चार बोटं, दोन बोटं, एक बोट. आणि मग ती बाई वाकून रेघेवरचं चाक बघते काय आणि टाळी वाजवते काय!

पहिल्यांदा त्यांना वाटलं ते हे, की आपलं डोकं शाबूत आहे. काही विसरलेलं नाही आपण. जीव असा भांड्यात पडला की पाय हलके झाले. मग हसू आलं. ते दाबायला त्यांनी वाकून पाचर काढली आणि नीट फिरवून लावली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"कुठं काय. छान लावलीस हं."

"खरंच?"

"खरंच," काका म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण ते खुर्च्या काढायला गेले.

सकाळी काकू आधी उठल्या. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्या उशीवर कोपर टेकून खिडकीतून बाहेर बघत होत्या. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून एक बदक पिल्लांना घेऊन चाललं होतं. काकूंचा चेहरा काचेत पुसट दिसत होता, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. काका आवाज न करता उठले, चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. दोघं पलंगावरच पाय वर घेऊन बसली.

"एक मात्र आहे," काका म्हणाले. "नवा ब्रेक झकास निघाला. गेल्या शनिवारी रेघेवर अगदी केसभरही इकडेतिकडे नाही."

काकूंचा कप ओठांपाशीच थांबला. त्यांनी काकांकडे बघितलं नाही. पाण्याकडेच बघत, सावकाश, जपून म्हणाल्या,

"हो ना. छान धरतो."

"धरणारच," काका म्हणाले. "बिचाऱ्यानं सराव किती केलाय."

काकूंना असा ठसका लागला की चहा चादरीवर सांडला. मग त्या हसायला लागल्या ते थांबेचनात, आणि काकाही, आणि एवढ्याशा डबीत दोन माणसं हसल्यावर ती चाकांवर डुलायला लागली.