हनियाचं वजन

दवाखान्यात पाऊल टाकलं त्याच दिवशी इनसाफ खोटं बोलली, आणि तेही पोटच्या पोरीबद्दल.

"हिचं वजन किती?" डॉक्टर शेरीननं विचारलं होतं. हनियाला मानही धरवत नव्हती, दोन शब्द बोलली की धाप लागायची. तिला काट्यावर उभं कोण करणार? खाटेसकट तोलणारा काटा डायलिसिसच्या खोलीत होता, आणि शुक्रवारची सुट्टी म्हणून खोलीला कुलूप. शेजारच्या खाटांवरच्या बाया कान टवकारून बसलेल्या. अख्ख्या सोहाग शहरात अशी कोणती आई आहे, जी भरल्या अंगाच्या लेकीचं खरं वजन परक्या बायांसमोर सांगेल? दृष्ट लागायला कितीसा वेळ लागतो!

"पन्नास," इनसाफ म्हणाली. "नुसती हाडं आहेत हो."

लग्नात पोरगी पंचाहत्तर भरली होती. सासरच्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं.

तोच आकडा कागदावर चढला आणि रक्त गाळायचं यंत्र सुरू झालं. हनियाचं रक्त नळीतून बाहेर यायचं, त्यातला पिवळट प्लाझ्मा पिशवीत काढून टाकायचा आणि त्याच्या जागी बाटलीतलं औषधी पाणी भरून रक्त परत आत. तिच्या स्नायूंचं बळ खाणारं विष त्या प्लाझ्मात होतं म्हणे. पण चार वेळा बदलूनही हनियाच्या पापण्या काही उचलेनात.

"सगळं हिशेबानं केलंय, मावशी," शेरीन बाहेर येऊन म्हणाली. "वजनावरून अंगात रक्त किती ते काढायचं, त्यातून तांबड्या पेशींचा वाटा वजा करायचा, उरतो तो प्लाझ्मा. पन्नास किलोच्या बाईचा जेवढा निघतो, तेवढा दर वेळी बदलला. आता मन घट्ट करा."

"पन्नास नाही हो ती," इनसाफ कशीबशी म्हणाली. "पंचाहत्तर. त्या बायांच्या नजरेला भिऊन मी..."

"अहो, काय केलंत हे!" शेरीन कडाडली. "दृष्टीला भ्यालात आणि विष आत ठेवलंत?" मग ती थबकली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "पण मग उपचार हरलेलाच नाही, मावशी! आपलं मापच कमी पडलं. थांबा, आत्ता तोलू हिला."

इनसाफ तोंडावर पदर घेऊन रडली. लाजही वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता. चूक आपलीच होती, म्हणजे ती सुधारता येणार होती. देवा, सगळं पाप माझ्या माथी मार, पण पोरगी उठव.

जावई रिफअतनं खाट ढकलत काट्यावर नेली. खाटेचं वजन वजा करून शेरीननं आकडा वाचला.

"एकोणपन्नास."

"बिघडलाय काटा," इनसाफ म्हणाली.

शेरीन स्वतः काट्यावर चढून उतरली. काटा ठीक होता. तिनं चादर बाजूला केली आणि लांब बाही वर सारली. आतला दंड काठीएवढा. फुगला होता तो फक्त चेहरा, आजारावरच्या गोळ्यांनी. इनसाफनं मांडवातून लेक सासरी धाडली त्यानंतर तिचा चेहराच तेवढा पाहिला होता.

"मी दर आठवड्याला भात भरून शिजवलेली कबुतरं पाठवत होते ना रे?" तिनं जावयाला विचारलं.

"मीच खायचो ती," रिफअत मान खाली घालून म्हणाला. "तिला गिळवतच नव्हतं. आईला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातली होती तिनं."

शेरीननं चादर पुन्हा नीट ओढली. "म्हणजे माप बरोबरच होतं, मावशी. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. तुम्ही खोटं बोललाच नाहीत."

इनसाफनं तिचा हात धरला. "असं म्हणू नका हो. पंचाहत्तरच लिहा. माझीच चूक होती, असंच लिहा."

शेरीननं कागदावर एकोणपन्नास लिहिलं. रिफअत खाट पुन्हा वॉर्डाकडे ढकलू लागला.