मावशीचे साक्षीदार

कायम राहण्याच्या परवान्यासाठी दोन साक्षीदार लागतात, असं भाचीने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार लागतात हे ठाऊक होतं. नुसतं राहण्यालाही लागतात हे नवीन होतं. साक्षीदार याच देशाचे नागरिक हवेत, निदान दहा वर्षांच्या ओळखीचे हवेत, त्यांनी स्वतः कचेरीत यायला हवं आणि ते नात्यातले नकोत.

"तुला काय माणसांची वाण आहे?" भाची म्हणाली. "अर्धी गल्ली तुझ्या मांडीवर वाढली."

ते खरं होतं, तरी माझ्या जिवाला घोर होताच. आजवर माझा परवाना माझ्या पाळणाघराच्या जोरावर दर दोन वर्षांनी वाढत आला. आता गुडघे साथ देईनात, म्हणून पाळणाघर बंद केलं; आणि कामच नाही तर कामाचा परवाना कसला? कायमचा मिळाला तर राहायचं, नाही तर मुदत संपली की बॅगा भरायच्या. भरून जायचं तरी कुठे? आई-वडील गेले, घर विकलं गेलं, भाऊ त्याच्या मुलाकडे दोन खोल्यांत राहतो. माझं म्हणावं असं माणूस उरलं होतं ते ही भाची, आणि ती इथे होती.

इतकी वर्षं अर्ज का केला नाहीस, असं तिने विचारलं नाही. उत्तर तिला तोंडपाठ होतं. "पुढच्या वर्षी परत जायचंच आहे" हे ती रांगत होती तेव्हापासून माझ्या तोंडून ऐकत आली होती. त्यापायी मी कधी मोठं कपाट घेतलं नाही की चांगला गालिचा घेतला नाही.

आले होते ताईच्या बाळंतपणाला, सहा महिन्यांसाठी. ताई आणि भावोजी दोघंही कामाला जाणारे. तान्हं बाळ परक्याकडे ठेवणं ताईच्या जिवावर आलं आणि सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. शेजारच्या इमारतीतली एक नर्स दुपारपाळीला जाताना आपली मुलगी माझ्याकडे सोडू लागली. मग समोरच्या सुताराची जुळी आली. ताईच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा तळमजल्यावरची मागची खोली भाड्याने घेतली आणि रीतसर परवानगी काढली.

ती खोली अजून डोळ्यांसमोर येते. सुताराने पोरांच्या छातीइतक्या उंचीवर खुंट्या ठोकून दिल्या होत्या. प्रत्येक खुंटीवर मी एकेक चित्र चिकटवलं होतं: बदक, छत्री, चमचा, पतंग. अक्षर न ओळखणारं पोर आपली छत्री बरोबर शोधायचं आणि कोट अडकवून ऐटीत मागे बघायचं. बुटांसाठी वेगळी युक्ती होती. एका चित्राचे दोन तुकडे करून अर्धं डाव्या बुटात, अर्धं उजव्या बुटात लावायचं. बूट शेजारी ठेवून चित्र जुळलं की खुशाल पाय घालायचे. बटणं मी खालून वर लावायला शिकवायची, म्हणजे गळ्याशी एक काज उरून रडारड होत नाही. जेवणानंतर सगळी झोपली की खोलीत ओल्या लोकरीचा, खडूंचा आणि दुधाचा एकत्र वास भरायचा. नर्सची मुलगी झोपेतही माझा पदर सोडत नसे. तो सोडवून उठायचं हे एक कसबच होतं.

भाची बोलायला लागली तशी ती मला मावशी म्हणू लागली. तिचं ऐकून सगळी पोरं तेच म्हणू लागली आणि पोरांचं ऐकून त्यांचे आईबापही. पुढे औषधांच्या दुकानातला म्हातारा आणि पोस्टमनसुद्धा. माझं खरं नाव फक्त बँकेला आणि परवाना कचेरीला ठाऊक राहिलं. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. अर्जात 'इतर नावे' असा एक रकाना होता. त्यात 'नाही' लिहून मी पुढे गेले. मावशी हे नाव आहे असं आपल्यापैकी कुणाच्या मनात तरी येईल का?

ठरल्या दिवशी आम्ही चौघं कचेरीत गेलो. सुतार ठेवणीतला कोट घालून आला होता. तो त्याच्या पोटावर मिटत नव्हता, म्हणून मी त्याला उघडाच राहू द्या म्हटलं. नर्स आता मोठ्या हुद्द्यावर, तरी रात्रपाळी करून तशीच आली होती आणि जांभयांवर जांभया देत होती. भाची नात्यातली, तिने मागच्या खुर्चीवर गप्प बसायचं, असं दारावरच्या शिपायाने बजावलं होतं.

टेबलापलीकडे बसलेली अधिकारी बाई भाचीच्याच वयाची असेल. तिने सुताराला पुढे बोलावलं, माझं कागदावरचं नाव आडनावासकट वाचलं आणि यांना किती वर्षांपासून ओळखता असं विचारलं.

सुतार सरळ माणूस. खोटं सांगून दमडी मिळवणार नाही. त्याने बराच विचार केला.

"या नावाची कुणी बाई मला माहीत नाही," तो म्हणाला.

नर्सची जांभई अर्ध्यावर राहिली. तिने मागून त्याला कोपराने ढोसलं. "अहो, मावशी!"

"मावशी होय? मग तसं विचारा ना," सुतार म्हणाला. "माझी जुळी झाली तेव्हापासून मावशीला ओळखतो."

मावशी म्हणजे काय, असं अधिकारी बाईने मला विचारलं आणि तिथेच मी घोळ घातला. कुणी अर्थ विचारला की नीट समजावून सांगायचं, ही जन्माची खोड. मी सांगितलं की मावशी म्हणजे आईची बहीण.

तिचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही यांच्या आईच्या बहीण?"

"छे हो," सुतार म्हणाला. "माझ्या आईला नुसते भाऊ."

"मग तुम्ही यांना मावशी का म्हणता?"

"सगळेच म्हणतात," नर्स म्हणाली. "मी, माझी मुलगी, माझा नवरा. कुत्र्याला बोलता येत नाही म्हणून, नाही तर तोही म्हणाला असता."

अधिकारी बाई हसली नाही. नात्यातला साक्षीदार चालत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. आणि नातं नसेल तर हे नाव झालं. नाव असेल तर इतर नावे नाहीत, ही मी दिलेली माहिती चुकीची ठरते. मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, की चूक इथल्या इथे सही करून सुधारता येईल. पण हे नातं आहे की नाव, ते मीच ठरवून सांगायला हवं.

उत्तर किती सोपं होतं. तरी 'नाव' म्हणायला जीभ उचलेना.

नर्सची मुलगी मला पहिल्यांदा मावशी म्हणाली, तो दिवस आठवला. तीन वर्षांची माझी भाची दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली होती. ही माझी मावशी आहे, हिने स्वतःची आणावी, असं तिचं म्हणणं. मावशी वाटली म्हणून कमी होत नाही, हे मी आणि ताईने परोपरीने सांगून पाहिलं. तिला पटलं नाही ते नाहीच. पुढे ती कॉलेजात असताना ताई गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात घट्ट धरून ती एवढंच म्हणत राहिली, मावशी, मावशी. तो शब्द मी सरकारी रकान्यात कसा घालू?

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नाव आहे ते," भाची म्हणाली. "तसंच लिहा."

नात्यातल्यांनी बोलायचं नाही, अशी अधिकारी बाईने आठवण करून दिली.

"नात्यातली आहे म्हणूनच सांगते. त्या शब्दावर हक्क असलाच तर माझा एकटीचा, आणि माझी हरकत नाही." मग ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "दे गं मावशी. राहशील तरी."

मी 'नाही' खोडलं आणि त्या जागी मावशी लिहिलं. अधिकारी बाईने ते वाचायचा प्रयत्न केला आणि तिची जीभ अडखळली. मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिनेही निमूट म्हटलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, शिक्का बसला. आता काही अडचण राहिली नाही, कार्ड घरी येईल, असं तिने सांगितलं.

सुतार आणि नर्स बडबडत पुढे जिना उतरून गेले. भाची मधल्या वळणावर थांबली.

"वाईट वाटलं का गं?" मी विचारलं.

"म्हणताना नाही वाटलं," ती म्हणाली. "आत्ता वाटतंय."

आम्ही तिथेच पायरीवर बसलो. माणसं अंग चोरून आमच्या बाजूने वर जात होती, खाली येत होती. खालून सुताराने दोनदा हाक मारली. येते म्हणून मी ओरडून सांगितलं, पण उठले नाही. मला आता कुठे जायची घाई नव्हती.